सिंगल ॲक्शन रिव्हॉल्व्हर घेताना आधी घोड्याखाली काय आहे ते बघा

आपल्या जळगाव-धुळ्याकडची बरीच पोरं आता टेक्सास, ॲरिझोना असल्या ठिकाणी सेटल झालीत. तिकडे ग्रीन कार्ड हातात पडलं, घर झालं, की एखादा ऑफिसातला मित्र शनिवारी शूटिंग रेंजवर घेऊन जातो आणि सोमवारपासून व्हॉट्सॲपवर प्रश्न सुरू. मामा, ते काउबॉयवालं रिव्हॉल्व्हर घ्यायचंय, डबे उडवायला, टाइमपास म्हणून, रुगर कंपनीचं घेऊ का हेरिटेजचं का ते इटालियन? माझ्या भाच्याने विचारलं हे. मला विचारायचं कारण एवढंच की मी हौस म्हणून एअर पिस्तूल मारतो आणि कुठलंही यंत्र दिसलं की आत काय आहे ते बघायची खोड आहे, बाकी मी काय मोठा एक्स्पर्ट नाही भो.

आता नेटवर तुलना शोधली तर सगळे बोलतात ते लाकडाच्या मुठीवर, निळ्या पॉलिशवर आणि कॅलिबर, म्हणजे गोळीचं माप, केवढं दणकट ह्यावर. ते सगळं नंतर बघा. ह्या जातीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये पहिला प्रश्न एकच, घोडा (म्हणजे हॅमर, मागचा हातोडा जो आपटला की गोळी सुटते) खाली बसलेला असताना त्याच्या आणि काडतुसाच्या मधे काय आहे? काही आहे का, की काहीच नाही? ह्या एका गोष्टीवर कितीतरी मॉडेलं आपोआप वेगळी होतात, आणि नवीन माणसाने कुठलं घ्यावं हेही बरंचसं तिथेच ठरतं.

आधी सिंगल ॲक्शन म्हणजे काय ते सांगतो, कारण बऱ्याच जणांना वाटतं की एक गोळी सुटते म्हणून सिंगल. तसं नाही. इथे चाप, म्हणजे ट्रिगर, फक्त एकच काम करतो, चढवलेला घोडा सोडायचं. तो घोडा प्रत्येक वेळी अंगठ्याने मागे ओढून चढवायला लागतो, तो ओढताना सिलिंडर, म्हणजे काडतुसं बसतात ते फिरणारं चक्र, एक घर पुढे सरकतं आणि नवीन काडतूस नळीसमोर येतं. डबल ॲक्शनमध्ये चाप दाबला की घोडाही चढतो आणि सुटतोही, म्हणून तो चाप जड असतो, साधारण साडेचार-पाच किलोचं वजन बोटावर. सिंगल ॲक्शनमध्ये ते दीड-दोन किलोवर येतं आणि बोट अगदी थोडंच हलतं, त्यामुळे नवशिक्याचा नेम सुद्धा बरा लागतो. शिवाय सगळं सावकाश. काडतुसं एकेक करून भरायची, एकेक करून रॉडने ढकलून काढायची, सहा मारल्या की ब्रेक. गोळ्यांचं बिल बघितलं की हा सावकाशपणा खिशाला पण मानवतो.

ह्या सगळ्याचा बाप म्हणजे कोल्टचं १८७३ चं सिंगल ॲक्शन आर्मी, लोक त्याला पीसमेकर म्हणतात. सॅम्युअल कोल्ट स्वतः १८६२ लाच गेला होता, हे त्याच्या कंपनीने नंतर काढलं, अमेरिकन आर्मीसाठी, .४५ कोल्ट काडतुसात. आज बाजारात जे काही काउबॉय स्टाइलचं मिळतं ते एकतर ह्याची कॉपी नाहीतर ह्याच्यावर सुधारणा.

मी मागे भाच्याकडे गेलो होतो तेव्हा रेंजवर त्याच्या मित्राचं खरं कोल्ट जवळून बघितलं. हातात घेतलं नाही, आणि त्याला कारण आहे. व्हिजिटर, स्टुडंट, एचवनबी ह्या सगळ्या नॉन-इमिग्रंट व्हिसावरच्या माणसाला तिकडच्या फेडरल कायद्याने बंदूक किंवा गोळी जवळ बाळगायला मनाई आहे, काही अपवाद आहेत, त्यातला नेहमीचा म्हणजे चालू हंटिंग लायसन्स. रेंजवर भाड्याने घेतलेली सुद्धा त्यातच आली. आपली कितीतरी पोरं एचवनबीवर असताना फोटोसाठी रेंजवर जातात आणि वर फेसबुकला टाकतात, त्यांनी हे एकदा नीट वाचावं, उद्या ग्रीन कार्डाच्या टायमाला नको ती भानगड. तर मी मागच्या लाइनीत, कानाला मफ लावून. माझे आप्पा पण सोबत होते, त्यांनी ते चकचकीत यंत्र बघून विचारलं, "हाई काय शे रे भो, नाटकातलं शे का?"

त्या मित्राने रिकाम्या कोल्टचा घोडा हळूहळू मागे ओढून दाखवला तर चार आवाज आले, क्लिक, क्लिक, क्लिक, क्लिक. पहिला सेफ्टीच्या खाचेचा, घोडा जरासा उचलून तिथे अडकतो. दुसरा हाफ कॉक, इथे सिलिंडर मोकळं फिरतं म्हणून काडतुसं इथेच भरायची. तिसरा आवाज सिलिंडरला खालून पकडणाऱ्या बोल्टचा आणि चौथा पूर्ण चढल्याचा. ऐकायला फारच भारी वाटतं, ह्या चार आवाजांसाठी पैसे मोजणारे लोक आहेत, आणि मी त्यांना नावं ठेवणार नाही.

पण गोम तिथेच आहे. कोल्टमध्ये फायरिंग पिन घोड्यालाच बसवलेली असते, सरळ बाहेर आलेलं टोक. घोडा पूर्ण खाली बसला की ते टोक काडतुसाच्या प्रायमरला, म्हणजे बुडातल्या ठिणगी देणाऱ्या भागाला, टेकून राहतं. मग वस्तू हातातून निसटली आणि घोड्यावर पडली तर गोळी सुटू शकते, चाप कुणी दाबायची गरज नाही. ती पहिली सेफ्टीची खाच आहे ना, ती बारीक आहे, जोराच्या मारात तुटू शकते, तिच्यावर भरवसा ठेवू नये. म्हणून जुने लोक सहा घरांच्या सिलिंडरमध्ये पाचच भरायचे. पद्धत अशी की एक भरा, एक घर सोडा, चार भरा, घोडा पूर्ण चढवा आणि हळूच खाली सोडा, रिकामं घर बरोबर घोड्याखाली येतं. आजही जुन्या रचनेच्या कुठल्याही रिव्हॉल्व्हरला हाच नियम.

आता रुगरची गोष्ट. १९४९ मध्ये विल्यम रुगर आणि अलेक्झांडर स्टर्म ह्या दोघांनी कनेक्टिकटमध्ये कंपनी काढली (स्टर्म दोनच वर्षांनी वारला, तेव्हा कंपनीच्या चिन्हातला लाल गरुड काळा केला गेला). तेव्हा कोल्टने हे मॉडेल बनवणं बंद केलं होतं, १९५६ ला परत सुरू केलं, पण टीव्हीवर काउबॉयचं वेड लागलेलं आणि दुकानात नवीन माल नाही अशी अवस्था. रुगरने १९५३ ला .२२ मधलं सिंगल-सिक्स आणलं आणि १९५५ ला .३५७ मॅग्नममधलं ब्लॅकहॉक. बाहेरून काउबॉय, आत मात्र बदललेलं. कोल्टमध्ये पट्टीच्या स्प्रिंगा होत्या ज्या वाकून वाकून तुटायच्या, रुगरने तिथे गुंडाळीच्या तारेच्या स्प्रिंगा टाकल्या, त्या वर्षानुवर्षं चालतात.

पण पाच गोळ्यांचा प्रश्न त्या जुन्या रुगरमध्येही तसाच होता, लोक सहा भरायचे, वस्तू पडायची, अपघात व्हायचे, कोर्टकज्जे झाले. मग १९७३ मध्ये न्यू मॉडेल आलं आणि त्यात ट्रान्सफर बार. हे नीट समजून घ्या. फायरिंग पिन घोड्यावरून काढून फ्रेममध्ये बसवली. घोड्याच्या तोंडाला एक पायरी दिली, त्यामुळे घोडा खाली आला तरी तो फ्रेमवर टेकतो, पिनपर्यंत पोचतच नाही. मग गोळी सुटते कशी? चाप मागे दाबलेला असतानाच एक चपटी स्टीलची पट्टी वर सरकते आणि घोडा आणि पिन ह्यांच्या मधल्या फटीत येऊन उभी राहते. घोडा पट्टीवर बसतो, पट्टी पिनला मार देते. भिंत फोडताना हातोडा आणि विटेच्या मधे छिन्नी धरली तरच मार पोचतो ना, तसं, फक्त इथे छिन्नी धरणारं बोट म्हणजे चाप. चाप सोडला की पट्टी खाली. मग वरून दगड पडला तरी घोडा पायरीवर आपटेल, पिनला कळणार पण नाही. म्हणून रचनेच्या हिशोबाने न्यू मॉडेल रुगरमध्ये सहाच्या सहा भरलेल्या चालतात.

अजून एक बदल झाला. न्यू मॉडेलमध्ये हाफ कॉक नाहीच, बाजूचं गेट, म्हणजे काडतुसं भरायचं झाकण, उघडलं की सिलिंडर मोकळं होतं आणि चाप-घोडा लॉक होतो, भरताना घोड्याला हात लावायचं कामच नाही. नवीन माणसाला हे फार सोपं. ते चार आवाज मात्र गेले, आणि जुने लोक म्हणतात चापही कोल्टसारखा गोड राहिला नाही. खरंय थोडंफार.

आणि ब्लॅकहॉकची एक बारीक कटकट सांगतो जी वापरणाऱ्यालाच माहिती असते. गेट उघडून सिलिंडर फिरवताना क्लिक झालं की आपल्याला वाटतं आता घर गेटसमोर आलं, पण ते क्लिकपर्यंत थोडं पुढे गेलेलं असतं, मागे तर फिरत नाही, म्हणजे पूर्ण चक्कर मारून परत यायचं. भाचा सुरुवातीला जाम वैतागायचा. सवयीने क्लिकच्या जरा आधी थांबायला जमतं. २००५ च्या न्यू व्हकेरो ह्या मॉडेलमध्ये रुगरने हे सुधारलं, तिथे क्लिकला घर बरोबर समोर येतं.

इटालियन म्हणजे मुख्य दोन, उबेर्ती आणि पिएत्ता, दोन्ही ब्रेशियाच्या बाजूच्या, तो भाग बंदुका बनवण्यासाठीच नावाजलेला. उबेर्ती १९५९ पासून आहे, आता बेरेटाच्या ग्रुपमध्ये. ह्यांचं काम म्हणजे कोल्टची जवळपास हुबेहूब कॉपी, चारही क्लिक सकट, आणि किंमत कोल्टच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. बाहेरून येणाऱ्या रिव्हॉल्व्हरला अमेरिकेत पडण्याची सेफ्टी टेस्ट पास करायला लागते, म्हणून इटालियनांनी आत काही ना काही जुगाड केलेलाच असतो. उबेर्तीच्या जुन्या मॉडेलात सिलिंडरची मधली पिन एक खाच आत दाबली की घोडा अडतो, पण ते मुद्दाम करायला लागतं, कोण करतो? नवीन कॅटलमन टू मध्ये घोड्यातली फायरिंग पिन मागे सरकणारी आहे, चाप पूर्ण दाबला असेल तरच टोक बाहेर येतं. दिसायला कोल्ट, आत बरीचशी सेफ्टी, चार आवाज पण शाबूत. ज्याला जुन्या चवीचंच पाहिजे त्याने हेच घ्यावं असं माझं मत.

बरं, भाच्याचा मूळ प्रश्न डबे उडवायचा होता, आणि त्याला उत्तर .२२ हेच आहे, ह्यावर मी वाद घालणार नाही. गोळी स्वस्त, झटका नाहीच, आवाज कमी, दिवसभर मारा. .२२ मध्ये तीन पायऱ्या आहेत. सगळ्यात स्वस्त हेरिटेजचं रफ रायडर, ही कंपनी २०१२ पासून टॉरस ह्या बंदूक कंपनीकडे आहे. फ्रेम झिंक अलॉयची, आणि घोड्याच्या डाव्या बाजूला एक छोटं लिव्हर, ते लावलं की घोडा अडतो, लाल ठिपका दिसला की सुटायला तयार. कामचलाऊ म्हणून वाईट नाही, पण ही सेफ्टी माणसाच्या आठवणीवर चालते, लिव्हर लावायचं विसरलात की संपलं. म्हणून त्यात पाचच भरा. ते लिव्हर दिसतं पण फार भुंडं, कोल्टच्या अंगावर इलेक्ट्रिकचं बटण लावल्यागत, पण किंमत बघितली की माणूस गप्प बसतो.

ह्याच गिऱ्हाइकासाठी रुगरने २०१९ ला रँगलर काढलं, तेव्हाची छापील किंमत २४९ डॉलर. फ्रेम ॲल्युमिनियम अलॉयची, मुठीची फ्रेम झिंकची, वर पॉलिशऐवजी सेराकोटचा रंग, वजन साडेआठशे ग्रॅमच्या आसपास, आणि आत तोच ट्रान्सफर बार, तेच गेटवालं लोडिंग. पन्नास-शंभर डॉलर जास्त गेले तरी मी हेरिटेज सोडून हेच घ्यायला सांगितलं, कारण वर सांगितलं तेच, घोड्याखाली काय आहे. तिसरी पायरी रुगर सिंगल-सिक्स, फ्रेम स्टीलची, मागची साइट (नेम धरायची खूण) ॲडजस्ट होणारी, रँगलरच्या दुप्पट-तिप्पट पैसे, पण पोरांच्या पोरांना देता येईल असं.

.२२ मध्ये एक घोळ नेहमी होतो. बरीच मॉडेलं दोन सिलिंडरसकट मिळतात, एक .२२ एलआरचं (लाँग रायफल, म्हणजे नेहमीचं साधं .२२) आणि एक .२२ मॅग्नमचं. मॅग्नम काडतूस नुसतं लांब नाही, जाडही आहे. एलआर काडतूस मॅग्नमच्या सिलिंडरमध्ये आत जातं, ढिलं बसतं, आणि मारलं की पितळ फाटतं. दोन्ही सिलिंडर वेगळ्या डब्यात ठेवायचे. ह्याच्या उलट .३५७ मॅग्नमच्या रिव्हॉल्व्हरमध्ये .३८ स्पेशल आरामात चालतं, जाडी तीच, .३५७ ची केस साधारण तीन मिलिमीटर लांब एवढाच फरक, उलटं मात्र जमत नाही. म्हणून .२२ नंतर दुसरं घ्यायचं तर .३५७ घ्या आणि आत हलकं .३८ मारा. .४४ मॅग्नमवालं सुपर ब्लॅकहॉक वगैरे, एकदा मित्राचं मारून बघावं आणि परत द्यावं. .४५ कोल्टबद्दल एवढंच, की ब्लॅकहॉकसारख्या जाड फ्रेमसाठी वेगळे दणकट लोड, म्हणजे जास्त जोराची काडतुसं, असतात, ती कोल्टमध्ये, इटालियन कॉपीत किंवा बारीक फ्रेमच्या न्यू व्हकेरोमध्ये अजिबात टाकू नये, डब्यावर लिहिलेलं असतं, वाचायचं.

साइटचं थोडक्यात. कोल्ट, व्हकेरो, रँगलर ह्यांना मागे नुसती खाच असते, फ्रेममध्येच कापलेली, ती हलत नाही. गोळी जड आणि सावकाश असेल तर ती नळीतून बाहेर पडेपर्यंत झटक्याने नळी जास्त वर उचललेली असते, म्हणून ती वर लागते, हलकी जोरात जाणारी खाली लागते. म्हणजे फिक्स साइटवाल्याने आपल्या वस्तूला कुठली गोळी मानवते ते शोधायचं. डबे दहा पावलांवर असतील तर काही फरक पडत नाही. कागदावर ग्रुप, म्हणजे गोळ्या एकमेकींच्या किती जवळ लागल्या, ते मोजायची हौस असेल तर ॲडजस्टवालीच घ्या.

तिकडे ह्या वस्तूंचा खेळ पण आहे, काउबॉय ॲक्शन शूटिंग, त्याची मोठी संघटना सास (सिंगल ॲक्शन शूटिंग सोसायटी) १९८७ पासून. दोन सिंगल ॲक्शन रिव्हॉल्व्हर, एक लिव्हरवाली रायफल, एक शॉटगन, स्टीलच्या पाट्या आणि घड्याळ. जुन्या काळचे कपडे घालावे लागतात, आणि प्रत्येक मेंबरने एक टोपणनाव रजिस्टर करायचं जे दुसऱ्या कुणाचं नसेल, आपला एखादा भो तिथे अमळनेर किड म्हणून उभा राहिला तर मजा येईल. पण बघा, तिथे तुमच्याकडे ट्रान्सफर बारवालं रुगर असलं तरी पाचच भरायच्या, घोडा रिकाम्या घरावर. नियम सगळ्यांना एक, कारण लाइनीवर उभ्या असलेल्या अंपायरने कुणाच्या आत काय आहे हे बघत बसायचं का?

हे वाचून इकडे कुणाला हुरूप आला असेल तर आधीच सांगतो, इथे हे जमणारं नाही. आपल्याकडे आर्म्स ॲक्ट १९५९, लायसन्स कलेक्टर ऑफिसकडून, साध्या माणसासाठी बाहेरून आणणं कधीच बंद झालंय, आणि .४५ तर प्रॉहिबिटेड बोअरमध्ये, म्हणजे साध्या माणसाला बंदी असलेल्या मापात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाकडे तीन ऐवजी दोनच शस्त्रं. लायसन्सवर मिळतं ते कानपूरचं .३२, २०१४ चं निर्भीक वगैरे, ती सगळी डबल ॲक्शन आणि किंमत लाखाच्या पुढे, ती डबे उडवायची वस्तू नाही. गंमत बघा, वरणगावच्या फॅक्टरीत काडतुसं बनतात, भुसावळ पट्ट्यात घरटी कुणी ना कुणी फॅक्टरीत असतो, पण ती सगळी फौजेची. आणि पेपरात चोपड्याकडच्या गावठी कट्ट्यांच्या बातम्या येतात त्या वाटेला तर जाऊच नका, केस होईल ती होईल, वर हातात फुटेल. हौस असेल तर .१७७ चं एअर पिस्तूल घ्या, वीस ज्यूलच्या आतलं असेल तर लायसन्स लागत नाही, दहा मीटरवर नेम धरायला शिका, बोटाची शिस्त तीच असते.

परत तिकडच्यांसाठी, सेकंड हँड घेणार असाल तर सिलिंडरच्या पोटावरून गोल फिरलेली रेघ आहे का बघा. कोल्ट किंवा इटालियन कॉपीवर ती ठळक असेल तर आधीचा मालक हाफ कॉकवरून घोडा तसाच खाली सोडत होता, बोल्ट सिलिंडरवर घासत राहिला, म्हणजे त्याला वापरता येत नव्हतं, अजून काय काय केलं असेल देव जाणे. न्यू मॉडेल रुगरवर मात्र ती रेघ येणारच, गेट बंद केलं की बोल्ट तिथे टेकतोच, त्यावरून भाव पाडू नका, पाडला तर विकणारा हसेल. आणि रुगर घेताना फ्रेमच्या बाजूला तीन स्क्रू दिसले तर ते १९७३ च्या आधीचं, त्यात मुळात ट्रान्सफर बार नाही. ते पाच भरूनच वापरायचं किंवा कंपनीला पाठवायचं, कंपनी फुकटात बार बसवून देते आणि काढलेले जुने पार्ट परत पाठवते. ते पार्ट सांभाळून ठेवा, जमवणारे लोक विकत घेताना पहिलं तेच मागतात.